सेशन_रजिस्टर काढताना ओळीची जागाही तपासा

नमस्कार. होस्टिंगवर पीएचपी (संकेतस्थळ ज्या भाषेत लिहिले आहे ती) ८ आल्यापासून आपल्या गूळ पेढीच्या संकेतस्थळावर ‘सेशन_रजिस्टर हे फंक्शन अस्तित्वात नाही’ अशी त्रुटी येत होती, म्हणून आपण त्याच जागी $_सेशनची (लॉगिन केलेल्याची माहिती एका पानावरून दुसऱ्या पानावर टिकवणाऱ्या सेशनची) ओळ लिहिलीत. आता पासवर्ड बरोबर असूनही लॉगिनचेच पान परत येते, असे आपण लिहिले आहे. शाहूपुरीतल्या एका अडत्याच्या संकेतस्थळाचे काम करताना मलाही नेमका हाच अनुभव आला होता.

सेशन_रजिस्टर २०१२ साली, ५.४ आवृत्तीत, रजिस्टर_ग्लोबल्ससोबतच (पत्त्यातून, फॉर्ममधून वा सेशनमधून आलेल्या किमती आपोआप व्हेरिएबल करणाऱ्या सोयीसोबतच) काढले गेले. ते व्हेरिएबलमधली किंमत नव्हे, तर त्याचे नाव नोंदवत असे. त्यामुळे $खाते हे व्हेरिएबल आधी नोंदवून पंधरा ओळींनंतर, डेटाबेसमधून व्यापाऱ्याची नोंद मिळाल्यावर, त्यात किंमत भरली तरी चालत असे, कारण पान संपताना जी किंमत असेल ती जतन होई. $_सेशन['खाते'] = $खाते; ही ओळ मात्र त्या क्षणी जे असेल तेच उतरवून घेते. आपल्या लॉगिनच्या फाइलमध्ये ती अजून वरच असेल, तर सेशनमध्ये रिकामी किंमत जाते. ती ओळ पासवर्डची तपासणी झाल्यानंतर लिहा.

मग प्रत्येक फाइलमध्ये $खाते शोधा. पट्टीच्या, येणेबाकीच्या आणि मेनूच्या पानांवर ते थेट वाचले जात असेल, तर तेथे $_सेशन['खाते'] लिहावे लागेल. एक्स्ट्रॅक्ट हे फंक्शन वापरून सगळी नावे एकदम व्हेरिएबल म्हणून मोकळी करण्याचा सोपा मार्ग कृपया घेऊ नका. विशेषतः $_रिक्वेस्टवर (पत्त्यातून वा फॉर्ममधून आलेल्या किमतींवर) तो वापरला, तर पत्त्याच्या शेवटी ?खाते=१२ जोडून कोणीही दुसऱ्या व्यापाऱ्याची बाकी पाहू शकेल. शेतकऱ्याच्या आणि व्यापाऱ्याच्या पैशांचा हिशेब असलेल्या ठिकाणी ही जोखीम मला अजिबात मान्य नाही. त्याच कारणासाठी लॉगिन यशस्वी होताच सेशन_रीजनरेट_आयडी(true) जरूर वापरा, म्हणजे जुना सेशन क्रमांक कोणाच्या हाती असला तरी निरुपयोगी ठरतो.

सेशन_स्टार्ट प्रत्येक पानावर, काहीही छापले जाण्याआधी हवे. मराठी मजकुरासाठी फाइल जुन्या नोटपॅडमधून यूटीएफ-८ म्हणून जतन केली असेल, तर सुरुवातीला तीन अदृश्य बाइट (बीओएम) बसतात आणि तेवढ्यानेही ‘हेडर आधीच पाठवले गेले’ अशी तक्रार येते. ती फाइल बीओएमशिवाय पुन्हा जतन करा.

सेशनची मुदत मुळात १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटे असते. सौद्याच्या गर्दीत पट्टी अर्धवट ठेवून उठावे लागत असेल, तर सेशन.जीसी_मॅक्सलाइफटाइम ही सेटिंग त्या बेताने वाढवून घ्या.