गल्लीतल्या कुत्र्यांचे व्हिडिओ अभ्यासाला चालतील का?

प्रश्न : आमच्या गल्लीत कुत्र्यांची एक टोळी आहे. त्यांची भांडणं, खेळ, पिल्लांची राखण यांचे व्हिडिओ मी नेमाने सोशल मीडियावर टाकते. बघणारे पुष्कळ आहेत. प्राण्यांच्या समाजजीवनाचा मला मनापासून अभ्यास करायचा आहे, पण शास्त्राचं शिक्षण नाही. अशा व्हिडिओंना अभ्यासात काही किंमत असते का?

उत्तर : असते, आणि चांगलीच असते. माझं स्वतःचं शिक्षण माकडांच्या टोळ्यांमागे हिंडून झालं. प्रत्यक्ष बसून बघण्याला पर्याय नाही, असं मी आजही मानते. तरीही तुमचं पत्र वाचताना मला पहिल्यांदा आठवले ते हत्ती.

कळपातलं पिल्लू मेलं तर हत्ती काय करतात, हे संशोधकाच्या नजरेला क्वचितच पडतं. वर्षानुवर्षं जंगलात काढूनही एखादा प्रसंग दिसेलच असं नाही. संजीता पोखरेल, नचिकेता शर्मा आणि रामन सुकुमार यांनी यासाठी यूट्यूब धुंडाळलं. लोकांनी सहज टाकलेल्या ३९ व्हिडिओंतून आशियाई हत्तींच्या २४ घटना त्यांच्या हाती लागल्या आणि २०२२ साली त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. मेलेल्या पिल्लाला हुंगणं, पायाने हलवून बघणं, त्याच्याजवळ उभं राहणं, त्याला सोंडेनं उचलून नेणं असं बरंच काही त्यात नोंदवलेलं आहे. उचलून नेणाऱ्या बहुतेक प्रौढ माद्या होत्या. ज्यांनी हे चित्रण केलं, त्यांच्या मनात शास्त्र नसणार. पण त्यांनी कॅमेरा बंद केला नाही, म्हणून हे कळलं.

दुसरं उदाहरण स्नोबॉल नावाच्या काकाकुव्याचं. गाण्यावर नाचतानाचा त्याचा व्हिडिओ जगभर फिरला. अनिरुद्ध पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच गाणं कधी जलद, कधी संथ करून त्याला ऐकवलं आणि तो आपला ठेका त्याप्रमाणे बदलतो का, हे तपासलं. बऱ्याच वेळा तो बदलत होता. त्याच वर्षी, म्हणजे २००९ साली, अडीना शाक्नर यांच्या गटाने यूट्यूबवरचे प्राण्यांच्या ‘नाचा’चे हजारावर व्हिडिओ चाळले. ठेका खरोखर धरल्याचा पुरावा मिळाला तो पोपटांच्या १४ जातींत आणि आशियाई हत्तीत. हे सगळे आवाजाची नक्कल करू शकणारे प्राणी. व्हिडिओने प्रश्न उभा केला, पडताळणी मात्र प्रयोगानेच झाली. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

आता तुमच्या टोळीकडे येऊ. तुम्ही टाकता ते भांडण, खेळ, धावाधाव. कुत्री दिवसातला केवढा तरी वेळ पडून असतात, आणि ते कोणी बघत नाही म्हणून तुम्ही टाकतही नसाल. नुसत्या तुमच्या व्हिडिओंवरून कोणी हिशेब मांडला, तर ही टोळी सदा भांडते असं निघेल. एखादी गोष्ट घडू शकते एवढं क्लिप सांगते. ती किती वेळा घडते, हे क्लिपला सांगता येत नाही.

यावरचा उपाय जुना आहे. जीन ऑल्टमन यांनी १९७४ साली निरीक्षणाच्या पद्धतींची जी मांडणी केली, ती आजही आम्ही वापरतो. एक कुत्रा आधीच निवडा. ठरलेला वेळ फक्त त्याच्यावर नजर ठेवा. तो झोपला तर ‘झोपला’ असं लिहा. मध्येच शेजारी जोरदार भांडण लागलं तरी कॅमेरा तिकडे वळवू नका. हे जड जातं, पण याच शिस्तीवर पुढचं सगळं उभं राहतं. पुढच्या वेळी दुसरा कुत्रा निवडा. प्रत्येकाची ओळखीची खूण वहीत हवी : फाटका कान, शेपटीचं पांढरं टोक, नर की मादी, अंदाजे वय. कोण कोणाजवळ झोपतं, कोण कोणाला वाट देतं, हे ओळख पटल्याशिवाय लिहिता येणार नाही.

आणि लिहिताना जे दिसलं ते लिहा. ‘काळ्याने माफी मागितली’ असं नको. ‘काळ्याने कान मागे पाडले, अंग खाली घेतलं आणि तांबडीच्या तोंडाची कड चाटली’ असं हवं. अर्थ नंतर लावता येतो. तपशील सुटला की सुटला. मूळ चित्रफीत न कापता, संगीत न चढवता, तारीख-वेळेसह जपून ठेवा. सोशल मीडियावर हवा तो तुकडा टाका, पण आधी-नंतर काय झालं ते सोबत दोन ओळींत लिहाच.

प्रश्न : व्हिडिओत गुदगुल्या केल्यावर हात वर करणारा छोटा, मोठ्या डोळ्यांचा प्राणी माझ्या मुलीला फार आवडतो. तो खूश असतो ना?

उत्तर : नाही. तो स्लो लोरिस, माकडांचा एक लांबचा नातेवाईक. त्याच्या दंडाच्या आतल्या बाजूला, कोपराजवळ एक ग्रंथी असते. तिचा स्राव लाळेत मिसळला की त्याचा चावा विषारी होतो. हात वर करणं ही धोक्याच्या वेळची बचावाची तयारी आहे. हा प्राणी रात्री हिंडणारा, आणि व्हिडिओत त्याला लख्ख उजेडात बसवलेलं असतं. विकण्याआधी अनेकांचे दात तोडतात. २००७ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला बंदी आहे. तरी असा एक व्हिडिओ पाहणाऱ्यांच्या प्रतिक्रिया ॲना नेकारिस आणि सहकाऱ्यांनी अभ्यासल्या, तेव्हा हा प्राणी आपल्याकडे हवा असं लिहिणारे पुष्कळ सापडले. मला या गोष्टीचा राग येतो आणि तो लपवायची गरज वाटत नाही.

दात दाखवून ‘हसणारा’ चिंपांझीही बहुतेक वेळा घाबरलेला किंवा दबलेला असतो. मुलीला हे जरूर सांगा. मुलांना खरं सांगितलं तर ती आपल्यापेक्षा लवकर समजून घेतात. आणि असा व्हिडिओ निषेध म्हणूनही पुढे पाठवू नका. बघणाऱ्यांचा आकडा त्यानेही वाढतोच. तक्रारीचं बटण दाबा आणि पुढे जा.

प्रश्न : दुर्मीळ प्राण्याचं कुटुंब दिसलं, तर फोटोसोबत ठिकाण द्यावं का?

उत्तर : देऊ नका. घरटं, गुहा, पिल्लं असतील तर मुळीच नाही. फोनमधली ठिकाणाची नोंद बंद करा, पार्श्वभूमीत ओळखू येणारी खूण आहे का तेही बघा. अचूक जागा अभ्यासकाला थेट कळवा. आयनॅचरलिस्ट या, कोणालाही निसर्गनिरीक्षणं नोंदवता येतात अशा संकेतस्थळावर नोंद केलीत, तर धोक्यातल्या जातींची नेमकी जागा तिथे आपोआप झाकली जाते, आणि तुमचं निरीक्षणही वाया जात नाही.