फाल्गुनरावाचे आयरिश आजोळ : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

देवलांच्या ‘संशयकल्लोळ’ नाटकावरच्या आमच्या लेखात आर्थर मर्फी या अठराव्या शतकातल्या आयरिश नाटककाराचे नाव एका वाक्यापुरते आले होते. त्या एका वाक्यावर बरीच पत्रे आली. त्यांतल्या पाच पत्रांना ही उत्तरे.

प्रश्न (सांगली) : ‘संशयकल्लोळ’ मोलिएरवरून घेतले असे शाळेपासून ऐकत आलो. मग हा मर्फी मध्येच कुठून आला?

तो मध्येच आहे, हे अगदी खरे. फ्रेंच नाटककार मोलिएरचे ‘स्गानारेल’ १६६० साली पॅरिसमध्ये झाले. ते एक अंकी आणि पद्यात आहे. मर्फीने त्यावरून ‘ऑल इन द राँग’ हे पाच अंकी गद्य नाटक केले. ते १७६१ च्या जूनमध्ये लंडनच्या ड्रूरी लेन नाट्यगृहात आले. त्यावरून देवलांनी १८९३ मध्ये ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ लिहिले. त्याचे संगीत रूप, म्हणजे आपले ‘संशयकल्लोळ’, गंधर्व नाटक मंडळीने १९१६ मध्ये रंगभूमीवर आणले. देवल त्याच वर्षी वारले.

बाई मूर्च्छित पडते, तिच्या हातून प्रियकराची तसबीर गळते, ती दुसऱ्याच बाईला सापडते आणि त्या बाईच्या नवऱ्याचे डोके फिरते. ही गोष्ट तिन्ही नाटकांत एकच. पण मोलिएरच्या पात्रयादीत त्या दुसऱ्या बाईला नावसुद्धा नाही. ‘स्गानारेलची बायको’ एवढीच तिची ओळख. संशयाचा खरा मान तिथे नवऱ्याकडे. मर्फीने तिला लेडी रेस्टलेस केले, मोलकरणीची उलटतपासणी घ्यायला लावली आणि नवऱ्याच्या तोडीस तोड संशयी बनवले. आपली कृत्तिका, म्हणजे फाल्गुनरावाची बायको, या लेडी रेस्टलेसची जणू मुलगीच आहे. सर जॉन रेस्टलेस म्हणजे फाल्गुनराव, बेव्हर्ली म्हणजे अश्विनशेठ, बेलिंडा म्हणजे रेवती, असे नाते सरळ लागते.

देवलांनी स्वतःचे काय घातले, तेही पाहा. मर्फीची बेलिंडा घरंदाज आहे. बापाने दुसरीकडे लग्न ठरवल्याने ती हबकते. देवलांची रेवती नायकिणीची मुलगी. त्यामुळे अश्विनशेठच्या संशयाला जन्माची, पेशाची धार येते. ‘ही बहु चपल वारांगना’ हे पद मर्फीच्या नाटकात बसूच शकत नाही. पात्रांना नक्षत्रांची आणि महिन्यांची नावे देण्याची गंमतही देवलांचीच. आमच्या मते याला उचलेगिरी म्हणणे म्हणजे धोतराला कापसाची चोरी म्हणण्यासारखे आहे.

प्रश्न (पुणे, महाविद्यालयीन नाट्यमंडळ) : तसबिरीचा प्रवेश बसवतो आहोत. तसबीर पडली हे प्रेक्षकांच्या लक्षातच येत नाही, आणि पुढचे सगळे पांगळे होते. काय चुकते?

बहुधा तीन गोष्टी चुकतात : वस्तू लहान असते, ती चुकीच्या बाजूला पडते, आणि रिकामा रंगमंच लांबतो.

मर्फीच्या काळी अशी तसबीर म्हणजे तळहातात मावणारे लघुचित्र. लंडनच्या सरदारणीला ते शोभते, तुमच्या दहाव्या रांगेला दिसत नाही. तीनशे खुर्च्यांच्या सभागृहासाठी साधारण १२ सेंटिमीटर उंच आणि ९ सेंटिमीटर रुंद चौकट घ्या, पितळी रंगाची. काच काढून टाका; फुटली तर अनवाणी पायांना धोका, न फुटली तरी दिवा तिच्यावर चमकून चेहरा गायब. आत फोटो अश्विनशेठचे काम करणाऱ्या नटाचाच हवा, आणि ज्या पगडी-उपरण्यात तो पहिल्यांदा प्रवेश करणार त्याच वेषात काढलेला. लांबून चेहरा ओळखू येत नाही, पगडीचा रंग येतो.

आता क्रम. रेवतीने तसबीर पडण्यापूर्वी निदान दोनदा दाखवायला हवी : एकदा काढून पाहताना, एकदा छातीशी धरताना. पहिल्यांदाच दिसली आणि पडली तर ती प्रेक्षकांच्या हिशेबात नसते. मूर्च्छा येताना तसबिरीचा हात प्रेक्षकांच्या बाजूला आणि तिला सावरणाऱ्या फाल्गुनरावापासून दूर असावा. आधी बोटे सुटावीत, मनात ‘एक-दोन’ मोजून मग अंग. दोन्ही एकदम झाले की तसबीर लुगड्याखाली जाते आणि कृत्तिकेला ती शोधत बसावे लागते. खाली सतरंजी असेल तर तेवढा भाग उघडा ठेवा. लाकडावर चौकट आपटल्याचा आवाज हे अर्धे काम करतो.

फाल्गुनरावाची नजर रेवतीच्या चेहऱ्यावरून हलता कामा नये. त्याने तसबीर ओलांडली की ‘याला दिसली कशी नाही?’ हा प्रश्न प्रेक्षक विचारणारच. म्हणून त्याने तिला तसबिरीच्या विरुद्ध बाजूच्या विंगेत न्यावे.

मर्फीने लेडी रेस्टलेसला खिडकीत उभे केले आहे, आणि तिथेच बहुतेक प्रयोग अडखळतात. खिडकीमागच्या जिन्यावरून खाली यायला दहा-बारा सेकंद लागतात. तेवढा वेळ रंगमंच रिकामा राहिला की विनोदाची हवा जाते. कृत्तिकेने येता येता आतूनच बोलायला सुरुवात करावी, किंवा खिडकी इतकी खाली घ्यावी की चार पावलांत ती बाहेर येईल. शिवाय दुसरी, अगदी तशीच तसबीर तिच्या कमरेला खोचलेली असू द्या. पहिली घसरून रंगमंचाखाली गेली तर वाकायचे आणि दुसरी काढायची. कुणाला कळत नाही.

फाल्गुनराव तसबीर हिसकावतो तेव्हा चेहऱ्याची बाजू त्याच्याकडे येऊ द्या, प्रेक्षकांकडे नको. त्या क्षणी लोकांना तसबीर बघायची नसते, त्याचे तोंड बघायचे असते. आणि एक : तालमीत पहिल्या दिवसापासून खरीच तसबीर वापरा. वहीचे पान धरून तालीम केलेले हात प्रयोगाच्या दिवशी गोंधळतात.

प्रश्न (नागपूर) : मर्फी स्वतः नट होता म्हणतात. कितपत चांगला?

फारसा नाही. आयर्लंडमधल्या रॉसकॉमन परगण्यात १७२७ साली जन्मलेला, फ्रान्समध्ये जेझुइट पाद्र्यांकडे शिकलेला हा गृहस्थ कर्ज फेडण्यासाठी रंगभूमीवर उतरला. ऑक्टोबर १७५४ मध्ये लंडनच्या कव्हेंट गार्डन नाट्यगृहात पहिलीच भूमिका ऑथेल्लोची. पुढचा हंगाम ड्रूरी लेनला काढला आणि अभिनय संपवला. मग वकिली करायची ठरवली, तर नट म्हणून मिडल टेंपल या वकिलांच्या संस्थेने दार लावून घेतले. शेवटी लिंकन्स इन या तशाच दुसऱ्या संस्थेने घेतले.

योगायोग असा की देवलांनीही ‘फाल्गुनराव’आधी ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंजारराव’ केले होते. तिथला रुमाल आणि इथली तसबीर, यंत्र एकच : वस्तू चुकीच्या हातात. एकदा मुडदे पडतात, एकदा हशा.

प्रश्न (डोंबिवली) : एकांकिकेसाठी मर्फीचे एखादे छोटे नाटक सुचवा. परवानगी कुणाची घ्यायची?

‘थ्री वीक्स आफ्टर मॅरेज’ घ्या. दोन अंकी प्रहसन आहे. लग्नाला तीन आठवडे झालेले जोडपे रात्री पत्ते खेळून येते आणि डावात किलवर टाकायला हवी होती की चौकट यावरून भांडते, समेट करते, पुन्हा भांडते. १७६४ मध्ये वेगळ्या नावाने ते पडले, १७७६ मध्ये या नावाने चालले. रूपांतरात एकच जपा : डावातला मुद्दा प्रेक्षकांना एका वाक्यात कळला पाहिजे. मूळचा व्हिस्ट हा पत्त्यांचा खेळ आपल्याकडे कोणी खेळत नाही, म्हणून मेंढीकोट करा. सासऱ्याच्या बागेतला, झाडे कापून आकार देण्याचा भाग लांबट आहे. तो बिनदिक्कत छाटा.

‘द अप्रेंटिस’ (१७५६) मध्ये औषधवाल्याकडचा उमेदवार दुकान सोडून नाटकातली भाषणे ठोकत फिरतो. हौशी नाट्यमंडळाला ते झोंबेल, म्हणून रंगेलही. पण त्यातली अर्धी गंमत त्या काळच्या प्रसिद्ध भाषणांच्या तुकड्यांत आहे. ते तुकडे मराठी नाटकांतले घेतल्याशिवाय हात घालू नका.

मर्फी आणि देवल दोघांच्याही मूळ संहिता आता स्वामित्वहक्कातून मुक्त आहेत. मात्र अलीकडची संपादित आवृत्ती, नवे रूपांतर, ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगळे. महाराष्ट्रात नव्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. अर्ज तालमी सुरू होतानाच करा. जाता जाता : लेखनाचा हक्क कायमचा की ठरावीक वर्षांचा, हा वाद १७७४ मध्ये ब्रिटिश उमरावसभेत लढला गेला. त्यात मुदत हवी म्हणणाऱ्या बाजूचा एक वकील होता आर्थर मर्फी. स्वतः लेखक असून!

प्रश्न (बडोदा) : समीक्षक मर्फी वाचायचा तर कुठून सुरुवात करावी?

‘ग्रेज इन जर्नल’पासून. हे साप्ताहिक त्याने १७५२ ते १७५४ चार्ल्स रेंजर या टोपणनावाने चालवले. त्यातल्या एका अंकासाठी त्याने फ्रेंचमधून एक कथा भाषांतरित केली. ती मुळात इंग्रज लेखक सॅम्युअल जॉन्सनच्याच ‘रॅम्बलर’ या नियतकालिकातली निघाली. मर्फी माफी मागायला गेला आणि मैत्री करून आला. नंतर फ्रेंच लेखक व्होल्तेअरच्या नाटकावरून केलेल्या १७५९ च्या ‘ऑर्फन ऑफ चायना’सोबत छापलेले, व्होल्तेअरलाच लिहिलेले पत्र वाचा, मूळ लेखकाशी हुज्जत घालत रूपांतर कसे करावे ते कळते. ड्रूरी लेनचा नट-व्यवस्थापक गॅरिक याचे १८०१ चे चरित्र मात्र तारखांसाठी वापरू नका. ते गॅरिक गेल्यानंतर बावीस वर्षांनी, मर्फीच्या सत्तरीनंतर आले. नट-व्यवस्थापकाच्या स्वभावाचे तपशील त्यात चांगले आहेत, सनावळ्या इतरत्र ताडून घ्याव्यात.

जुन्या छपाईत एक अडचण येईल. शब्दाच्या सुरुवातीचा व मधला ‘एस’ तेव्हा लांब छापत आणि तो ‘एफ’सारखा दिसतो. खूण अशी : ‘एफ’ची आडवी रेघ दांड्याच्या आरपार जाते, लांब ‘एस’ची फक्त डावीकडे, तीही बारीक. यंत्राने वाचलेल्या मजकुरात ही गल्लत ठायी ठायी सापडते. ‘शहाणा’ या अर्थाचा ‘वाइज’ आणि ‘बायको’ या अर्थाचा ‘वाइफ’ त्या छपाईत जवळजवळ सारखे दिसतात. ‘ऑल इन द राँग’ वाचताना छापलेले पान जवळ ठेवा.