एचआयव्हीचा रिपोर्ट निगेटिव्ह आलाय, आता मानेवरचा हात काढ

तुझे एचआयव्ही टेस्टचे तिन्ही रिपोर्ट नीट वाचले. चौथ्या पिढीची टेस्ट, शिरेतून घेतलेलं रक्त, धोका घडल्यापासून 48वा दिवस, निगेटिव्ह. ही टेस्ट शरीरानं बनवलेल्या अँटीबॉडीसोबत विषाणूचं स्वतःचं प्रथिन, पी-24 अँटीजेनही पकडते, म्हणून 45 दिवसांनंतरचा निकाल पक्का धरतात. बोट टोचून होणाऱ्या रॅपिड टेस्टला 90 दिवस थांबावं लागतं. तुझे तेही उलटलेत. पेपच्या, म्हणजे धोका घडल्यावर लागण टाळायला देतात त्या गोळ्या घेतल्या असत्यास तर हिशेब वेगळा होता. नवा धोका घडला नसेल तर चौथी टेस्ट नको.

मी या भीतीतून गेलोय रे. टिळक रोडच्या खोलीवर रात्री दोन वाजता मोबाइलचा टॉर्च लावून लक्षणं शोधत जीभ बघायचो. मानेतली गाठ इतकी चाचपायचो की तिथंच ठणकायला लागायचं, आणि मग तो ठणकाच मला पुरावा वाटायचा. नवा रिपोर्ट आला की दोन दिवस बरं, मग पुन्हा 'सँपलची अदलाबदल झाली असेल तर?' प्रत्येक टेस्टनं भीतीलाच खतपाणी मिळत होतं.

पुण्यातल्या ससून रुग्णालयाच्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही तपासणी-समुपदेशन केंद्रात, समुपदेशन मोफत असतं, माहिती गुप्त राहते. रिपोर्ट घेऊन एकदाच जा, मनातलं सगळं विचारून घे. झोप उडाली असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाच. सीबीटीनं, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या थेरपीनं, मला वर काढलं. रात्री फारच घाबरलास तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन लाव, मराठीत बोलता येतं.

आज गूगल बंद. मान चाचपावीशी वाटली की घड्याळ लावून दहा मिनिटं थांब. उद्या पंधरा.