दगडाकडे नको, वाटेकडे बघ

इंदूर

चि. लेकी,
अनेक आशीर्वाद.

कोपराला खपली धरली का? आजीने हळद लावली असेलच. परवा शेतावरून परत येताना तू गाडीत गप्प बसून होतीस. घर आलं तेव्हा "काका, मला नाही जमणार हे" एवढंच म्हणालीस आणि उतरलीस. मी काही बोललो नाही. अंग ठणकत असताना कुणाचंही सांगणं डोक्यात शिरत नाही. आता चार दिवस झालेत, म्हणून लिहितो.

उतारावर तू सायकलवरून पडलीस तेव्हा मी मागेच होतो. सागाच्या दोन झाडांमधून वाट डावीकडे वळते, तिथे उजव्या अंगाला पोळपाटाएवढा एक काळा दगड आहे. वाटेपासून चांगला दीड हात लांब. त्याच्या वाटेला जायचं तुला काहीच कारण नव्हतं. पण उतार सुरू झाल्यापासून तुझी मान त्याच्याकडे वळलेली होती आणि सायकल मानेमागोमाग निघाली. ऐन वळणात तू दोन्ही ब्रेक आवळलेस. पुढचं चाक नेमकं वाळक्या पानांवर होतं, ते सरकलं आणि तू डाव्या कोपरावर आलीस. तुझ्यात हिंमत कमी आहे म्हणून हे झालं नाही. नजर चुकीच्या जागी होती म्हणून झालं, आणि नजरेला वळण लावता येतं.

सिंगलट्रॅक म्हणजे एका सायकलीपुरती पायवाट. तिथे चाकासमोरची माती बघत बसलीस तर प्रत्येक खड्डा अचानक समोर येतो. दहा-पंधरा हात पुढे बघ. वळणात शिरण्याआधीच वळण कुठे संपतं ते शोध, आणि चाक तिथे पोचेपर्यंत नजर तिथून हलवू नकोस. दगड डोळ्यांच्या कडेला दिसतो तेवढा पुरे.

आणि ब्रेक. टायरची मातीवरची पकड मोजकीच असते. तीच वळायला लागते, तीच थांबायला. वळताना ब्रेक दाबलास की दोघांना वाटून घ्यावी लागते, आणि खाली पानं असली तर वाटायला काही उरतच नाही. म्हणून वेग कमी करायचा तो सरळ वाटेवर, वळणाच्या आधी. पुढचा ब्रेक एका बोटाने, हलक्या हाताने. त्याला घाबरू नकोस, सायकल थांबवायचं बरंचसं काम तोच करतो. मग दोन्ही ब्रेक सोड, बाहेरच्या बाजूचा पाय खाली घेऊन पेडलवर भार दे आणि सायकल आत कलू दे. सरळ उतारावर मात्र दोन्ही पेडल समपातळीत, सीटवरून उठलेली, गुडघे-कोपरं सैल. परवा तुझे हात काठीसारखे ताठ होते. प्रत्येक हादरा थेट खांद्यात जात होता.

नवी सायकल घ्यायचं बाबांपाशी बोललीस असं कळलं. इतक्यात नको. १९७६ साली कॅलिफोर्नियात, फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरउतारावर काही मंडळींनी जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन शर्यती सुरू केल्या. पेडल उलटं फिरवलं की मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, लागणारा ब्रेक, बाकी काही नाही. एका उतारात हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. ते पुन्हा भरल्याशिवाय दुसरी फेरी नाही, म्हणून त्या वाटेचं नावच 'रीपॅक', म्हणजे 'पुन्हा भरा', असं पडलं. वीस वर्षांनी, १९९६ मध्ये, अटलांटा ऑलिंपिकमध्ये माउंटन बायकिंग, म्हणजे अशा डोंगरवाटांवरचं सायकलिंग, आलं. तुझ्या सायकलीला पुढे हादरे झेलणारं सस्पेन्शन आहे, चांगले डिस्क ब्रेक आहेत. तिला पुरून उरशील तेव्हा बघू. फक्त हवा बघत जा. तू पन्नास पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरून आणली होतीस, मी ती तिसाच्या आत आणली. ट्यूब आहे तोवर फार खालीही नको. दगडावर आपटून ट्यूब रिममध्ये चिमटली की सापाने डसल्यासारखी शेजारीशेजारी दोन भोकं पडतात.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. ही वाट आपली नाही, शेतमालकांची आहे. घाटाच्या कडेची ही जमीन वरून काळी, खाली मुरूम. काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते. वाट मुद्दाम मुरमाच्या अंगाने काढली आहे, पण मधला दीडशे पावलांचा पट्टा काळ्या मातीतून जातो, त्याला इलाज नव्हता. एका जुलैत, पाऊस उघडून दोनच तास झालेले, मी एकटा तिथे सायकल घेऊन गेलो. पन्नास पावलांत माती चाकाला अशी चिकटली की चाक धरणाऱ्या फोर्कच्या दांड्यांमध्ये चाक फिरेना. सायकल खांद्यावर घेऊन बाहेर आलो. त्याचं काही नाही. पण माझ्या चाकाची चाकोरी तशीच वाळली, पुढच्या प्रत्येक पावसाचं पाणी तिच्यातून धावलं, आणि दिवाळीला गेलो तेव्हा तिथे गुडघाभर ओहोळ झाला होता. मालक मला एक शब्द बोलले नाहीत. फावडं हातात दिलं. दोन रविवार मी तिथे मुरूम टाकत होतो. तेव्हापासून ओल्या काळ्या मातीवर मी चाक घातलेलं नाही, आणि तूही घालू नयेस असं मनापासून वाटतं.

वाट काढणाऱ्यांचा एक नियम मालकांनीच मला सांगितला. डोंगराचा जेवढा उतार, त्याच्या निम्म्याहून जास्त वाटेचा चढ असू नये, नाहीतर पाणी वाट ओलांडून जाण्याऐवजी वाटेनेच उतरायला लागतं. म्हणून आपली वाट इतकी वळणं घेते, बाहेरच्या अंगाला किंचित कललेली असते, आणि मध्येमध्ये एक छोटी खोलगट लाट येते. तुला ती मजेसाठी केलेली वाटली. ती पाणी काढून द्यायला आहे. मजा आपल्याला वरकड मिळते.

रविवारी पहाटे साडेपाचला भंवरकुआं चौकात ये. लांब बाह्यांचा शर्ट, दोन बाटल्या पाणी, जास्तीची ट्यूब. पोहे सिमरोलला खाऊ. पोचल्यावर आधी सायकली झाडाला टेकवून वाट पायी उतरू. पाणी कुठून गेलं, कुठे गाळ बसला, पान कुठे साचलं, सगळं बघत. त्या वळणावरची पानं आपणच झाडून काढू, खराटा मी घेऊन येतो. मग त्याच वळणातून दहा वेळा, सावकाश.

काल मालकांचा फोन आला होता, तो दगड उचलून टाकू का म्हणून विचारत होते. मी म्हटलं, रविवारी ती स्वतः बघून सांगेल.

तुझा,
काका