भाऊबीजेला जोडून इमॅजिका

प्रश्न : बाई, यंदा दिवाळीच्या सुट्टीत मुलांना खोपोलीचं इमॅजिका थीम पार्क दाखवायचं कबूल करून बसलोय. आम्ही सहाजण : मी, हे, नववीतली मुलगी, पहिलीतला मुलगा, सासूबाई (वय ६८, गुडघे दुखतात) आणि कॉलेजात जाणारा दीर. भिशीचे पंधरा हजार हातात आहेत. एका ट्रॅव्हलवाल्याने थीम पार्क, वॉटर पार्क आणि हॉटेल धरून दोन दिवसांचं पॅकेज सांगितलं, ते याच्या दुप्पट जातं. उसने पैसे काढून मौज करणं पटत नाही आणि मुलांचा हिरमोडही करवत नाही. नणंद बदलापूरला असते, भाऊबीजेला आम्ही तिच्याकडेच जातो. काय करावं?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : पॅकेज घेऊ नका. तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीतच निम्मी सहल बसली आहे. भाऊबीजेला बदलापूरला जाणारच आहात, म्हणजे नाशिकचं जाणं-येणं घरखर्चात धरलेलंच आहे आणि मुक्काम नणंदेकडे. तिथून खोपोली एका सकाळचा प्रवास.

मात्र भाऊबीजेच्या दुसऱ्याच दिवशी, आणि शनिवार-रविवारी तर मुळीच जाऊ नका. मधल्या वारी तिकीट बहुधा स्वस्त असतं, शिवाय रांगा कमी. रांग कमी म्हणजे त्याच पैशांत दुप्पट राइड्स. शाळा उघडायच्या आधीचा मंगळवार-बुधवार धरा आणि तिकीट घरूनच ऑनलाइन काढा. वॉटर पार्कचं तिकीट वेगळं असतं, ते यंदा सोडा. एका दिवसात दोन्ही केलं की एकही धड होत नाही, आणि पाण्यात उतरायला नायलॉनचे कपडे लागतात तो खर्च निराळा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आज संध्याकाळी धाकट्याला दाराच्या चौकटीला टेकवून उभा करा, डोक्यावर पाटी आडवी धरा, पेन्सिलीची खूण करा आणि टेपने मोजा. चप्पल काढून. इथे मुलांचं तिकीट वयावर नाही, उंचीवर ठरतं, आणि कोणत्या राइडवर बसू देतील तेही उंचीवरच. मी शाळेच्या सहली नेत होते तेव्हा एका पार्कात दुसरीतला एक मुलगा पाऊण तास माझा हात धरून रांगेत उभा होता. पुढे गेल्यावर तिथल्या माणसाने पट्टी लावली. दोन बोटं कमी. पोरगं रडलं नाही, नुसतं बुटांकडे बघत परत आलं. तो चेहरा मी अजून विसरलेले नाही. तुमच्या मुलाला नायट्रोवर, म्हणजे तिथल्या मोठ्या रोलरकोस्टरवर, बसता येणार नाही, हे त्याला घरीच सांगून टाका आणि त्याच्या राइड्सची नावं त्यालाच वहीत लिहू द्या : अलिबाबाची बंदुकीची राइड, घोड्यांचा गोल पाळणा, संध्याकाळची मिरवणूक. नायट्रो मुलगी आणि दिरासाठी. दार उघडल्या उघडल्या त्या दोघांनी आधी तिकडेच जावं, दुपारी तिथे उभं राहवत नाही. दिराने कॉलेजचं ओळखपत्र बरोबर घ्यावं, आणि तिकीट काढताना विद्यार्थ्यांचा दर वेगळा आहे का ते बघावं.

सासूबाईंचं काय, हे मात्र त्यांनाच विचारा. सहा तिकिटं काढून एकीला दिवसभर बाकावर पिशव्या राखत बसवायचं, हे मी फार घरांत पाहिलं आहे आणि मला ते आवडत नाही. पार्कात यायचं असेल तर 'आय फॉर इंडिया' त्यांना नक्की दाखवा. खुर्चीत बसून सगळा देश वरून बघायचा, गुडघ्यांना ताण नाही. पण खोपोलीजवळच महडचा वरदविनायक आहे, अष्टविनायकांतला. तुमची नणंद आईला घेऊन तिकडे गेली, तर दर्शनही होईल आणि मायलेकींना एक अख्खा दिवस मिळेल. सासरी गेलेल्या लेकीला तसा दिवस कितीदा मिळतो?

जाताना कर्जतला लोकल बदला. खोपोलीच्या गाड्या मोजक्या आहेत, म्हणून वेळापत्रक आदल्या रात्री बघून ठेवा. बाहेरचं खाणं पार्कात नेऊ देत नाहीत, तेव्हा नणंदेकडून पोटभर पोहे खाऊन निघा आणि कर्जत स्टेशनवर दिवाडकरांचा वडा घ्या. आत एकदाच जेवा, बारालाच, गर्दी व्हायच्या आत. खोपोली स्टेशनवरून रिक्षा करताना परतीचंही तिथेच ठरवा आणि रिक्षावाल्याचा नंबर घ्या. संध्याकाळी दारात पन्नास कुटुंबं एकदम बाहेर पडतात, तेव्हा भाव तुमच्या हातात राहत नाही.

एक हिशेबाची गोष्ट. रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंद आहे. एसटीत मात्र ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट आहे, आणि २०२३ पासून बायकांनाही अर्धं. नाशिक-कल्याण एसटीने गेलात तर सासूबाई, तुम्ही आणि मुलगी, तिघींचं अर्ध्यात होतं. धाकट्याचंही अर्धंच.

पंधरा हजारांतले दोन हजार वेगळ्या पाकिटात घालून ते सासूबाईंकडे (त्या महडला गेल्या तर दिराकडे) ठेवायला द्या. आत दर दहा पावलांवर टोप्या आणि बाहुल्या टांगलेल्या असतात. दोन्ही मुलांनी किती मागायचं ते आदल्या दिवशी नणंदेच्या घरीच ठरू द्या. आणि धाकट्याची उंची किती भरली ते मला कळवा.