वृद्ध माणसाच्या त्वचेपासून बनवलेल्या मूलपेशींचे टेलोमिअर (गुणसूत्रांच्या टोकांचे, वयानुसार आखूड होत जाणारे संरक्षक भाग) आखूडच राहतात का?

नाही, बहुतेक वेळा ते पुन्हा लांब होतात. त्वचेच्या पेशीत जवळजवळ बंद असलेले टेलोमरेज हे विकर (एन्झाइम), शिन्या यामानाका यांनी शोधलेल्या चार घटकांमुळे (पेशीला मूलावस्थेत नेणाऱ्या प्रथिनांमुळे) पेशी मूलावस्थेत परतली की पुन्हा कामाला लागते आणि स्वतःजवळच्या आरएनएच्या साच्यावरून गुणसूत्राच्या टोकाला टीटीएजीजीजी ही सहा अक्षरे पुन्हापुन्हा जोडत जाते. उंदरांच्या पेशींवरील २००९ च्या प्रयोगांत ही वाढ रूपांतरानंतरही, भ्रूणीय मूलपेशींइतकी लांबी येईपर्यंत, चालू राहिली. टेलोमरेज नसलेल्या पेशींत मात्र ती दिसली नाही. तरीही एकाच व्यक्तीपासून मिळालेल्या मूलपेशींच्या वेगवेगळ्या वसाहतींतही (एकत्र वाढलेल्या समूहांतही) टेलोमिअरची लांबी कमीजास्त असते, आणि डिस्केराटोसिस कंजेनिटासारख्या टेलोमरेजच्या जन्मजात दोषात ती अपुरी पडू शकते, म्हणून प्रत्येक वसाहतीची लांबी स्वतंत्रपणे मोजलीच पाहिजे.