ठाण्याच्या फ्लॅटमध्ये बिअर्डेड ड्रॅगनला कोणता यूव्हीबी लाइट लावावा?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: घोडबंदर रोडला फ्लॅट, बिअर्डेड ड्रॅगनचं, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या सरड्याचं, पाच महिन्यांचं पिल्लू, तीन फुटी काचेची टाकी, वर जाळीचं झाकण. दुकानदारानं २६ वॉटचा पिळाचा बल्ब दिला, त्याच्या खोक्यावर १०.० छापलंय. टाकी खिडकीला लावून ठेवलीय आणि सकाळचं कोवळं ऊन आत येतं. एवढं पुरतं का, असं तुम्ही विचारलंय.

नाही पुरत. पिल्लू वाढीच्या वयात आहे, हाडं आत्ताच भरतायत, त्यामुळे हे काम पुढच्या पगारावर ढकलू नका.

आधी उन्हाचं बोलू. यूव्हीबी, म्हणजे उन्हातल्या न दिसणाऱ्या अतिनील किरणांचा एक प्रकार, साध्या खिडकीच्या काचेतून जवळजवळ येतच नाही. टाकीत ऊन दिसतं, ऊब लागते, पण ड्रॅगनला जे हवं ते बाहेरच अडतं. त्यात आपल्याकडे कोवळ्या उन्हावर फार श्रद्धा. सूर्य खाली असताना किरणांना हवेतून लांबचा प्रवास करावा लागतो आणि यूव्हीबीचा मोठा भाग वाटेतच शोषला जातो. स्वतःची सावली बघा. ती तुमच्या उंचीपेक्षा लांब असेल तर त्या उन्हात यूव्हीबी कमीच आहे असं धरून चाला.

याची एवढी गरज का, तर यूव्हीबीनं कातडीत ड३ जीवनसत्त्व तयार होण्याची सुरुवात होते, अंगाच्या उबेनं ते पूर्ण होतं, मग यकृत आणि मूत्रपिंडातून त्याचं वापरण्याजोगं रूप बनतं. ते नसेल तर तुम्ही किड्यांवर कितीही कॅल्शियम भुरभुरा, आतड्यातून ते नीट शोषलंच जात नाही. मग शरीर हाडांतून कॅल्शियम काढायला लागतं. जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, बोटं थरथरतात. पावडरीतलं ड३ थोडी मदत करतं, पण ते जास्त झालं तर अपाय होतो. उजेडातून तयार होणाऱ्या ड३वर मात्र कातडी स्वतःच लगाम घालते.

आता खोक्यावरच्या १०.० बद्दल. तो आकडा दिव्याचा प्रकार सांगतो. जनावराच्या पाठीवर किती यूव्हीबी पडतंय, ते त्यावरून कळत नाही. १०.० लिहिलेला पिळाचा बल्ब आणि १०.० लिहिलेली लांब टी५ (बारीक जाडीची) ट्यूब यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पिळाच्या बल्बखाली एक छोटासा पट्टा मिळतो आणि बल्बपासून जरा लांब गेलं की तो झपाट्यानं विरळ होतो. दोन फूट लांब व्हायला निघालेल्या सरड्याचं डोकं त्यात आलं तर शेपूट बाहेर, अशी गत.

मोजायचं माप तुमच्या ओळखीचं आहे. हवामानाच्या ॲपवर यूव्ही इंडेक्स दिसतो ना, तोच. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी तो दहाच्याही वर जातो. २०१० मध्ये जीवशास्त्रज्ञ गॅरी फर्ग्युसन यांच्या गटानं मोकळ्या रानातल्या सरड्या-सापांच्या अंगावर प्रत्यक्षात किती यूव्ही पडतं ते मोजून कमीपासून जास्तीपर्यंत चार विभाग पाडले. बिअर्डेड ड्रॅगन तिसऱ्या विभागात धरला जातो. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या भागातला हा प्राणी, दगडावर नाहीतर कुंपणाच्या खांबावर चढून ऊन खाणारा. त्याच्या ऊन खायच्या जागी, पाठीच्या पातळीवर, तीन ते पाच यूव्ही इंडेक्स मिळाला पाहिजे आणि टाकीच्या दुसऱ्या टोकाला जवळजवळ शून्य. किती घ्यायचं ते त्याचं तो ठरवतो.

म्हणून माझं स्पष्ट मत: टी५ एचओ, म्हणजे हाय आउटपुट ट्यूब घ्या. आर्केडिया कंपनीची १२ टक्केवाली किंवा झू मेड कंपनीची रेप्टीसन १०.०, दोन्ही चांगल्या. सोबत रिफ्लेक्टर असलेली पट्टी (ट्यूब बसवायची फिटिंग) हवीच, नाहीतर वरच्या बाजूला जाणारा उजेड फुकट जातो. २४ वॉटची ट्यूब साधारण ५५ सेंटिमीटर असते, म्हणजे तुमच्या तीन फुटी टाकीची निम्म्याहून थोडी जास्त लांबी झाकते. उरलेला भाग सावलीचा राहू द्या. खरं तर मी तुमच्या जागी असतो तर आत्ताच चार बाय दोन बाय दोन फुटांची टाकी करून ३९ वॉटची घेतली असती, कारण वर्षभरात त्याला तेवढी जागा लागणारच आहे. पण बजेट एकाच गोष्टीचं असेल तर ट्यूब आधी, टाकी नंतर.

अंतर टेपनं मोजा, अंदाजानं नको. ट्यूब आणि जनावर यांच्यामध्ये काहीच नसेल तर ट्यूबपासून पाठीपर्यंत साधारण ३८ ते ४५ सेंटिमीटर. जाळीवर ठेवणार असाल तर २५ ते ३०, कारण जाळी बराच यूव्हीबी खाते. जाळी कोणती तेही बघा. ॲल्युमिनियम सेक्शनवाले झाकणाला सरसकट डासांची बारीक जाळी लावून देतात. ती काढून मोठ्या चौकोनांची वेल्डेड जाळी लावून घ्या. तुमची टाकी दीड फूट उंच असेल तर पंधरा-एक सेंटिमीटर उंचीचं लाकूड ट्यूबखाली ठेवलं की हिशोब जमतो. मी खारघरला माझ्या नराचं अंतर मोजताना तो लाकडावर अंग टेकून पसरलेला असताना मोजतो. ऊन खाताना तो भाकरीसारखा चपटा होतो, पाठ काळपट करतो, आणि ती पाठच आपलं मोजायचं ठिकाण.

ट्यूब बाजूनं कधीही लावू नका, वरूनच. भुवईचं हाड वरून येणाऱ्या उजेडापासून डोळ्यांना आडोसा देतं, बाजूच्या उजेडाला तो आडोसा नाही. उष्णतेचा बल्ब आणि यूव्हीबी एकाच टोकाला, शेजारी-शेजारी हवेत, कारण सूर्य दोन्ही एकदम देतो. ऊन खायच्या जागेचा पृष्ठभाग ३८ ते ४२ अंश. बारा तास चालू, रात्री सगळं बंद.

विजेचं मात्र नीट ऐका. मुंबईत टी५ ट्यूब आणि पट्ट्या कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतात म्हणून लोक फक्त ट्यूब मागवतात आणि घरातल्या पट्टीत बसवतात. साधी १४ वॉटची टी५ आणि २४ वॉटची एचओ लांबीला एकच आहेत, त्यामुळे ती बसते, पेटतेही. पण साध्या पट्टीचं चोक तिला पुरेसा करंट देत नाही आणि यूव्हीबी कमी पडतं. डोळ्यांना फरक कळत नाही. एचओची पट्टीच मागा. कुणी अमेरिकेहून आणून देणार असेल तर पट्टीवर २२०-२४० व्होल्ट लिहिलंय का बघा. ११० ते १२० व्होल्टची पट्टी आपल्या सॉकेटमध्ये लावलीत तर जळेल.

स्वस्तातली 'यूव्ही ट्यूब' दिसली तर लांब राहा. पाण्याच्या फिल्टरमधली आणि निर्जंतुकीकरणाची ट्यूब यूव्हीसी हा अतिनीलाचा घातक प्रकार देते, ती जनावराचे आणि तुमचेही डोळे जाळते. डास मारायच्या यंत्रातली निळी ट्यूब यूव्हीए हा आणखी वेगळा प्रकार देते, तिनं ड३ तयार होत नाही.

गॅलरीतलं खरं ऊन अजूनही सगळ्यात उत्तम आहे, आणि ते फुकट आहे. पण काचेच्या टाकीत कधीच नाही, काही मिनिटांत आत भट्टी होते आणि जनावर दगावतं. तारेचा पिंजरा, अर्ध्यावर सावली, सकाळी नऊ-साडेनऊनंतर वीस-तीस मिनिटं, आणि तुम्ही शेजारी बसून. येऊरच्या बाजूला घारी आणि कावळे दोन्ही भरपूर आहेत. जून ते सप्टेंबर हा मार्ग जवळजवळ बंदच असतो, म्हणून ट्यूबला पर्याय नाही. त्या दिवसांत हवेतला दमटपणाही त्याला सोसत नाही, तेव्हा टाकीला वारा खेळता ठेवा.

ट्यूब बसवली की तिच्या टोकाला मार्करनं तारीख लिहा. वर्षभरानं बदला, पेटत असली तरी. उजेड तसाच दिसतो, यूव्हीबी मात्र उतरलेलं असतं. यूव्ही इंडेक्स मोजणारा सोलारमीटर ६.५ महाग आहे, पण दोन-चार पाळणाऱ्यांनी मिळून घेतला तर ट्यूब कधी बदलायची ते नेमकं कळतं.

आणि आज संध्याकाळीच एक करा. पिल्लाला हातात घेऊन खालच्या जबड्याच्या कडेला बोटानं अगदी हलकं दाबून बघा. हाड टणक लागलं पाहिजे. रबरासारखं दबलं, किंवा चालताना पोट जमिनीला घासत असेल, बोटं फडफडत असतील, तर ट्यूबची वाट बघत बसू नका. सरपटणारे प्राणी तपासणारे पशुवैद्य गाठा, आधी फोन करून विचारा की ते सरडे बघतात का, आणि नेताना सध्याच्या बल्बचा आणि कॅल्शियम पावडरीच्या डब्याचा फोटो सोबत ठेवा.